लाईट दिवसाची मागा, पाण्याचा हिशोब ठेवा



२०२३ साल आठवा. २२ जुलैला सातपुड्याच्या पायथ्याशी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नदीनाले पात्र सोडून गावांत शिरले, कपाशी आणि सोयाबीनची उभी वावरं खरडून गेली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन तालुके होते, बुलढाणा आणि लोणार. एकाच जिल्ह्यात, एकाच हंगामात घाटाखाली पुरानं माती वाहून नेली आणि घाटावर मातीत ओल उरली नाही. नुकसानीचे पंचनामे खालीही झाले आणि वरही झाले.

एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं असं कुणी म्हणू नये. पण यामागचं कारण समजायला अवघड नाही. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो, आणि मधले खंड कोरडे जातात. आपली शेती बहुतेक पावसावरची. अशा पावसाचा मार सगळ्यात आधी आपल्यावर बसतो.

हवामान बदलाचा विषय निघाला की आपल्याला भीती वाटते. आता कुणी तरी सांगणार, की वीज कमी वापरा, मोटारी कमी चालवा, कारखाना नको, रस्ता नको. मी ते सांगायला आलेलो नाही. आपल्याला वीज आणखी लागणार आहे आणि ती मागताना संकोच करायचं कारण नाही. माझी विनंती इतकीच, की वीज मागा ती दिवसाची मागा, उन्हावर तयार झालेली मागा, आणि ती हाती आली की आपल्या विहिरीतल्या पाण्याचा हिशोब ठेवायला लागा. पहिलं केलं आणि दुसरं सोडून दिलं तर काही वर्षांत पंप असेल, लाईट असेल, पण उपसायला पाणी नसेल.

रात्रीचं ओलित

हरभऱ्याचं दुसरं पाणी आहे. डिसेंबरची रात्र. थ्री फेज लाईट साडेअकराला येणार म्हणून माणूस जेवून, कानाला मफलर गुंडाळून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन वावराकडे निघतो. स्टार्टरचं बटण दाबतो आणि कान देऊन उभा राहतो. दाब कमी असला की मोटार नुसतीच गुरगुरते, आणि तशी चालू ठेवली तर जळते. आज बरी चालते आहे. तुषारचे पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात लावायचे असतात. बॅटरीचा उजेड आधी पाऊल टाकायच्या जागी जातो, मग पाईपवर, कारण ओल्या ढेकळांत काय बसलंय ते दिसत नाही. धुऱ्यापलीकडून रानडुकरांचा आवाज येतो. अडीच वाजता लाईट जाते. आता येईल, मग येईल म्हणून तो मोटारीच्या खोलीत पोत्यावर बसून राहतो. घरी त्याची बायको जागी असते. सकाळी तोच माणूस पुन्हा कामाला जुंपलेला असतो.

या माणसाला जाऊन पृथ्वी वाचव म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्याला दिवसा आठ तास चांगल्या दाबाची वीज मिळाली तर तो रात्री घरी झोपेल, पाणी कुठं फुटलं ते त्याच्या डोळ्यांना दिसेल आणि डीपी जळण्याचं प्रमाणही कमी होईल. राज्याच्या ऊर्जा विभागाच्याच आकड्यांप्रमाणे मार्च २०२४ अखेर महाराष्ट्रात ४७ लाखांहून अधिक कृषीपंप ग्राहक होते. एकूण ग्राहकांत ते १६ टक्के, पण वीज वापरतात सुमारे ३० टक्के. इतक्या मोठ्या वापराचा बराचसा भाग रात्रीकडून दिवसाकडे आणता आला, तर शेतकऱ्याचं हित आणि हवेचं हित एकाच तारेतून जातं. यात एकाचं नुकसान करून दुसऱ्याचा फायदा होत नाही, म्हणून तर मी हा विषय इतक्या जोरानं मांडतो आहे.

ही वीज येते कुठून

शेगाव, नांदुरा किंवा मलकापूरच्या फलाटावर तासभर थांबून बघा. चंद्रपूरकडचा कोळसा भरलेली मालगाडी भुसावळच्या दिशेनं जाताना दिसेल. डबे मोजता मोजता आपण कंटाळतो. शेगावच्या पुढं अकोला जिल्ह्यात पारसचं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, तर मलकापूरच्या पलीकडं भुसावळजवळ दीपनगर. आपला जिल्हा या दोन चिमण्यांच्या मध्ये आहे. पारसच्या आसपासच्या गावांत कोळशाची राख काय असते ते कुणाला शिकवावं लागत नाही.

पाच एचपीची मोटार तासाला साधारण चार युनिट वीज घेते. आठ तासांच्या एका पाळीला तीस-बत्तीस युनिट झाले. कोळशावर एक युनिट वीज करायला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे आपण एका रात्री एका विहिरीवर ओलित करतो तेव्हा कुठं तरी वीस किलोंच्या वर कोळशाची राख झालेली असते. अशा मोटारी राज्यात लाखोंनी आहेत.

कोळशाची वीज भरवशाची, असं आपण धरून चालतो. २०१५ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, कारण केंद्राला द्यायला पाणीच नव्हतं. कोळसा जाळून केलेली वाफ थंड करायलाही पाणी लागतं. दुष्काळ पडला की शेताला पाणी नाही आणि वीजकेंद्रालाही नाही, हे मराठवाड्यानं पाहिलेलं आहे.

तरी कोळसा उद्या बंद होईल असं मी म्हणणार नाही. देशातली तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज अजून कोळशावरच होते. रात्रीचे दिवे, दवाखाने, पाणीपुरवठा, कारखान्यांची रात्रपाळी, या सगळ्याला ती पुढची बरीच वर्षं लागेल. पारस आणि दीपनगरला नोकरी करणारी आपलीच माणसं आहेत. पण वाढणारी जी नवी मागणी आहे, ती तरी कोळशावर ढकलू नये, इतकं आपल्याला करता येतं.

आपण काय पाप केलं?

हा प्रश्न पारावर हमखास निघतो, आणि तो रास्त आहे. भारतातला माणूस सरासरी वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज वापरतो. जगाची सरासरी साडेतीन हजारांच्या पुढं आहे. इंधन जाळून होणारा कार्बन डायऑक्साइड माणशी बघितला तर भारताचा वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाचा पावणेपाच टनांच्या जवळ आणि अमेरिकेचा चौदा टनांच्या घरात. आणि ही देशाची सरासरी आहे. लोणार तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा त्याहून कितीतरी कमी असणार.

म्हणूनच १९९२ साली रिओ दि जानेरोला जगातले देश जमले, तेव्हा जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, हे तत्त्व लिहून घेतलं गेलं. श्रीमंत देशांनी आधी आणि जास्त करावं, गरीब देशांना पैसा आणि तंत्रज्ञान द्यावं, असा त्याचा अर्थ. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर देण्याचं ठरलं, तेव्हा ही रक्कम फार तोकडी आहे असं भारतानं तिथंच उभं राहून सांगितलं. ते सांगायलाच हवं होतं. आपल्या सरकारनं जगाच्या बैठकीत आपला हक्क सोडू नये.

पण तो हिशोब मिटेपर्यंत आपण हात बांधून बसलो तर नुकसान बाकूचं होत नाही, संग्रामपूरचं होतं. धुरा शेजाऱ्यानं फोडला तरी आपलं पीक वाचवायला रात्री आपल्यालाच उठावं लागतं. भांडण सकाळी करता येतं.

रस्ता झाला, तळंही झालं

विकास हवा की निसर्ग, अशी जोडी लावून भांडायची सवय आपल्याला लागली आहे. पण आपल्याच जिल्ह्यानं या भांडणातून वाट काढून दाखवलेली आहे. २०१७-१८ च्या सुमारास इथल्या राष्ट्रीय महामार्गांची कामं सुरू होती. रस्त्याच्या भरावाला माती आणि मुरूम लागतो. तो कुठल्या तरी टेकड्या फोडून आणण्याऐवजी गाळानं भरलेले तलाव, नाले आणि बंधारे खोदून आणला गेला. रस्त्याला माती मिळाली, तलावांची पोटं मोकळी झाली, पावसाळ्यात त्यांत पाणी साठलं, भोवतालच्या विहिरींना ते उतरलं. याला पुढं सरकारी कागदपत्रांत ‘बुलढाणा पॅटर्न’ असं नावच पडलं. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेनं जिल्हाभर यंत्रं लावून गाळ काढला. त्याच वर्षी पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडनं राज्यात बक्षीस मिळवलं, तेही गावकऱ्यांनी स्वतः श्रमदान करून.

यातला मुद्दा लक्षात घ्या. पैसा रस्त्यावर खर्च व्हायचाच होता. तो खर्च करताना ‘यात आणखी कोणतं काम होईल?’ हा प्रश्न कुणी तरी विचारला. विजेच्या बाबतीत आता तोच प्रश्न आपण प्रत्येक गावात विचारायचा आहे.

दोन वाटा आहेत, आपली कोणती ते आधी बघा

पहिली वाट सौर वाहिनीची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून सुरू आहे आणि राज्यात १६,००० मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. सबस्टेशनच्या जवळच्या जमिनीवर सौर पॅनल लावायचे आणि ती वीज तिथल्या शेतीच्या फीडरला जोडायची. शेतकऱ्यानं स्वतःचं काही बदलायचं नसतं. मोटार तीच, स्टार्टर तोच, लाईट मात्र दिवसा. तुमच्याकडं आधीचं कनेक्शन असेल तर तुमची वाट ही. आपल्या सबस्टेशनला जाऊन विचारा की आपला फीडर सौर योजनेत आहे का, जागा ठरली का, काम कुठवर आलं. एकट्यानं विचारून उत्तर मिळत नसेल तर त्या फीडरवरच्या पंधरा-वीस जणांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

या योजनेत जमीन भाड्यानं देणाऱ्याला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ, तसंच ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख रुपये, अशी तरतूद आहे. मुरमाड, पिकाला कामाची नसलेली जमीन असेल तर हा व्यवहार चांगला. काळी कसदार जमीन यात घालू नका. ती पुन्हा तयार होत नाही.

इथं एक गोष्ट ग्रामसभेला कळकळीनं सांगतो. पॅनलसाठी सरकारी जागा म्हटली की बहुतेक वेळा गायरान निघतं. गायरान कागदावर पडीक दिसतं, पण शेळ्या-मेंढ्या राखणारा धनगर, एक-दोन गाईंवर घर चालवणारी भूमिहीन बाई, यांचं पोट त्यावर असतं. त्यांना न विचारता तारेचं कुंपण पडलं तर स्वच्छ विजेच्या नावानं आपण गावातल्या सगळ्यात गरीब घराकडून किंमत वसूल केली असं होईल. म्हणून ठराव करण्याआधी विचारा की गायरानाचा कोणता भाग जाणार आणि कोणता राहणार, गुरांची पाण्याकडं जायची वाट खुली राहील का, पॅनलच्या खालचं गवत गावाला कापून नेता येईल का. पॅनलखाली मेंढ्या चारण्याची पद्धत परदेशांत बऱ्याच ठिकाणी आहे, कारण ते गवत कंपनीलाही काढावंच लागतं. आणि पंचायतीला मिळणाऱ्या पैशातला काही भाग वैरणीसाठी राखून ठेवावा.

दुसरी वाट सौर पंपाची. ज्यांच्याकडं कनेक्शन नाही, डिमांड नोट भरून जे वर्षानुवर्षं वाट बघत आहेत, त्यांच्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ ही योजना २०२४ पासून आहे. शेतकऱ्यानं किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी, त्यापुढं साडेसात एचपी असा हिशोब आहे. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा त्यात धरलेला आहे. पंप बसवला त्याच दिवशी पॅनल, कंट्रोलर आणि मोटार यांच्या क्रमांकांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा आणि हमीचा कागद घरात जपून ठेवा. बिघाड झाला की तोंडी सांगून थांबू नका, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. वादळात पॅनल उडाले, केबल चोरीला गेली, असे प्रसंग होतात. त्या वेळी हातात कागद असणाऱ्याचंच काम पुढं सरकतं. पॅनलवर धूळ बसू देऊ नका. आठवड्यातून एकदा सकाळी लवकर, काच तापायच्या आत, साध्या पाण्यानं पुसली तरी फरक दिसतो.

आणि जोवर दिवसाची लाईट येत नाही तोवरही दोन कामं आजच करता येतात. मोटारीला कपॅसिटर लावा आणि ऑटो स्विच काढून टाका. ऑटो स्विचमुळे लाईट येताच साऱ्या मोटारी एका क्षणी सुरू होतात, डीपीवर एकदम भार पडतो आणि ती बसते. एक डीपी जळाली की त्यावरच्या सगळ्यांचं ओलित थांबतं. आकडे टाकणाऱ्यालाही गावानंच समजवावं.

ऊन फुकट आहे, पाणी नाही

आता या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

आमच्याकडं सौर पंप आला त्या वर्षीची गोष्ट. इतकी वर्षं लाईटच्या मागं धावलो होतो, आता बटण आपल्या हातात. सकाळी आठला पंप सुरू व्हायचा तो उन्हं कलेपर्यंत बंद करायचं कुणाच्या मनातच येत नव्हतं. ऊन फुकट, मग का थांबायचं? सऱ्या तुडुंब भरल्या, पाणी धुऱ्यावरून नाल्यात गेलं. जानेवारीच्या मध्यावर मोटार हवा ओढू लागली. हरभऱ्याचे घाटे भरायची वेळ होती आणि विहिरीचा तळ दिसत होता. चूक कुणा दुसऱ्याची नव्हती, आमचीच होती.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. रात्रीची, तुटपुंजी, सारखी जाणारी वीज वाईट होती यात शंका नाही. पण तिनं नकळत आपल्या विहिरींना कुलूप लावून ठेवलेलं होतं. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात वीजबिल माफ आहे, आणि सौर पंपाला तर बिलच नाही. कुलूप निघालं. आता ते आपल्यालाच, आपल्या विचारानं लावावं लागणार आहे.

घाटावर आपल्या पायाखाली काळा खडक आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात जेवढं मावेल तेवढंच पाणी. पावसाळ्यात ते भरतं आणि उन्हाळ्यापर्यंत उतरतं. बोअर आणखी खोल नेली म्हणून खडकात नवं पाणी तयार होत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीतलं आपल्याकडं येतं, एवढंच. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथं खोल गेलं की खारं पाणी लागतं. ते पिकाला दिलं तर जमीन बिघडते, प्यायलं तर शरीर. तिथं सौर पंपाचा खरा उपयोग शेततळ्यात साठवलेलं पावसाचं गोडं पाणी उचलायला आहे.

म्हणून पाणी मोजायला शिका. त्याला यंत्र लागत नाही. एक लांब दोरी घ्या, टोकाला दगड बांधा आणि दर फुटावर एक गाठ मारा. विहिरीत सोडली की किती फूट पाणी आहे ते गाठी मोजून कळतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे नऊ हजार लिटर. एका एकराला दोन इंच पाणी द्यायचं तर लागतात सुमारे दोन लाख लिटर, म्हणजे त्याच विहिरीतलं जवळजवळ तेवीस फूट. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दोनदा गुणाकार करून पाहिला होता. झऱ्यांची आवक किती, हेही असंच मोजता येतं. संध्याकाळी पंप बंद करताना दोरी सोडा, सकाळी पुन्हा सोडा, रात्रीत किती गाठी वाढल्या ते लिहून ठेवा. दिवाळीच्या सुमारास विहिरीतलं पाणी, एकराची गरज आणि झऱ्यांची आवक हे तीन आकडे हातात असले की गहू किती, हरभरा किती, उन्हाळी पीक घ्यायचं की नाही, हे अंदाजानं न ठरवता हिशोबानं ठरतं. ठिबक आणि तुषार असेल तर तेच पाणी जास्त एकरांना पुरतं.

हे एकट्याच्या विहिरीपुरतं केलं तरी चांगलं, पण जमिनीखालचं पाणी धुरा मानत नाही. म्हणून गावानं मिळून करायला हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असा नियम त्या गावानं स्वतःवर घालून घेतला आहे. अटल भूजल योजनेत आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांनीही असा ताळेबंद मांडायला घेतला. जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आपला जिल्हा आहे आणि खारपाणपट्ट्यातली गावंही आहेत. रुंद सरी-वरंब्यावर पेरणी, शेततळं, ठिबक, या गोष्टी त्यातून बऱ्याच गावांत पोहोचल्या. ज्यांनी केलं त्यांच्या वावरात जाऊन बघा, त्यांना विचारा. कृषी सहायकाच्या भाषणापेक्षा शेजाऱ्याचं वावर जास्त शिकवतं.

घर, दुकान, कारखाना

गावातल्या आणि शहरातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॅट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतो. आपल्या गेल्या बारा महिन्यांच्या बिलांवरचे युनिट काढा, सरासरी करा आणि तेवढंच बसवा. ज्यांचा वापर शंभर युनिटांच्या आसपास आहे त्यांना एक किलोवॅट पुरतो. शेजाऱ्यानं तीन लावले म्हणून आपण कर्ज काढून तीन लावू नका. काम देण्याआधी तो ठेकेदार महावितरणच्या यादीत आहे का, ते बघा.

खामगाव आणि मलकापूरच्या जिनिंग, डाळ मिल आणि तेल गिरणीवाल्यांना माझं विशेष सांगणं आहे. जिनिंगचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि आपल्याकडं आभाळ सगळ्यात निरभ्र असतं ते याच महिन्यांत. पत्र्याची एवढी मोठमोठी छपरं जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं आहेत? आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातो, सोयाबीन पोत्यांत भरून बाहेर जातं आणि मुलं पुण्याला जातात. प्रक्रियेचे उद्योग इथं वाढले तरच मुलं थांबतील. त्यासाठी वीज स्वस्त आणि भरवशाची लागते, आणि तिचा दिवसाचा हिस्सा तरी तुमच्याच छतावर तयार होऊ शकतो.

पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प पूर्ण होईल तेव्हा त्याचं पाणी उपसूनच शेतांपर्यंत न्यावं लागणार आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेला वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प तर चारशेहून अधिक किलोमीटरवरून पाणी आपल्या जिल्ह्यात आणणार आहे. हे सगळे पंप कोणत्या विजेवर चालणार आणि ते बिल कोण भरणार, हे लोकप्रतिनिधींना आत्ताच विचारा. उपसा योजना बांधून झाल्या आणि वीजबिलापायी बंद पडल्या, अशी उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. कालव्याबरोबर सौर प्रकल्पाचीही मागणी करा.

तरुणांनो, तुमच्यासाठीही यात काम आहे. सौर पंप बंद पडला की कंपनीचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून कधी येईल, याची वाट बघण्यात पीक वाळतं. आयटीआय केलेल्या दोघा-तिघांनी मिळून दहा गावांची दुरुस्ती हाती घेतली तर त्यांचं घर चालेल आणि पंपही चालतील. सरकारचं सूर्यमित्र प्रशिक्षण याच कामासाठी आहे.

येत्या ग्रामसभेत

दर अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत ऐकायला सारा मुलूख कान लावून असतो. पाऊस किती पडेल, कोणतं पीक साधेल, या काळजीतून ती परंपरा साडेतीनशे वर्षं टिकली असं मानतात. पावसाची चिंता आपल्या रक्तात आहे. पाऊस किती पडणार ते आपल्या हातात नाही, पण पडलेल्या पावसाचं काय करायचं, ते आहे.

म्हणून दोन कामं मागतो. येत्या ग्रामसभेला घरटी एक जण तरी जा. विषयपत्रिकेत दोन विषय लेखी घालून घ्या. एक, आपल्या फीडरची दिवसाची सौर वीज, तिची जागा आणि तिच्यातला गावाचा वाटा. दुसरा, गावातल्या निवडक दहा विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिणं. त्यासाठी निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. शाळेतली पोरंसुद्धा हे काम आनंदानं करतील.

आणि ग्रामसभेची वाट न बघता आज संध्याकाळी घरातली जुनी दोरी शोधा. टोकाला दगड बांधा, फुटाफुटावर गाठी मारा, मुलाला बरोबर घेऊन विहिरीवर जा आणि किती गाठी भिजल्या ते त्याच्याकडून मोजून घ्या. तो आकडा तारखेसह मोटारीच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच्याखाली दुसरा आकडा लिहायचा आहे.